चौथा विषय : बू विगातींची भाषा

आमच्या गल्लीत मतदान होत नाही. मतदान केलं की कुणीतरी हरतं, आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भाजीच्या गाडीपाशी भेटतो. म्हणून आमच्याकडे मसलत होते. सगळे बसतात, गोडमिट्ट चहा पितात आणि सगळ्यांच्या माना डोलेपर्यंत बोलत राहतात. गटाराचं झाकण सिमेंटचं करायचं की लोखंडी, एवढं ठरवायला आम्हाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत दोघे जण त्या गटारात पडले, पण गल्लीत भांडण झालं नाही.

हे सगळं ठाऊक असताना मी एका सकाळी भाजीच्या गाडीपाशी, चारचौघांच्या देखत, गालिहला विचारलं, "मास गालिह, पहिलाच साधा गेम करायचा असेल तर प्रोग्रामिंगची कुठली भाषा घ्यावी?"

त्याला एकट्याला गाठून विचारायला हवं होतं. इंडोनेशियातल्या या सालातिगात अठ्ठावन्न वर्षं काढून मी इतकी गाफील राहिले, याचं मला अजून नवल वाटतं.

गालिह विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरीला आहे. आमच्याकडे तरुणाला मास म्हणतात, वडीलधाऱ्या पुरुषाला पाक आणि बाईला बू. तो "पायथन, बू" म्हणतोय तोवर समोरच्या घरातल्या लारासने हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. ती घरबसल्या केटरिंगवाल्यांच्या वेबसाइट करते. "पायथन छानच आहे," ती गोड हसून म्हणाली, "पण जावास्क्रिप्ट घेतलीत तर गेम कुणाच्याही मोबाइलवर चालेल." तेवढ्यात तोफू निवडत उभ्या असलेल्या पाक हेरूतोमोंनी मोठा सुस्कारा टाकला. ते तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेत, आणि शिकवणं मात्र निवृत्त झालेलं नाही. "दोघांचंही म्हणणं फार सुंदर आहे," ते म्हणाले. "फक्त पाया न घालता घर बांधायचं असेल तर. पाया म्हणजे सी प्लस प्लस."

आमच्याकडे 'फार सुंदर आहे' म्हटलं की समजावं, युद्ध सुरू झालं.

दुपारी गल्लीच्या ग्रुपवर पाक एर्तेंचा मेसेज आला. पाक एर्ते म्हणजे आमचे गल्लीप्रमुख. सगळे त्यांना पदानंच हाक मारतात, खरं नाव त्यांच्या बायकोलाही जरा आठवावं लागतं. मेसेज असा होता : रविवारी सकाळी दहा वाजता सभा. विषय एक, गटार. विषय दोन, डासांची फवारणी. विषय तीन, सतरा ऑगस्टची तयारी. विषय चार, बू विगातींची भाषा.

बू विगाती म्हणजे मी. मी कपाळाला हात लावला.

का विचारलं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "वेळ जात नाही, हौस म्हणून," एवढंच मी म्हणत होते. खरं कारण आमच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं होतं.

माझे यजमान दार्मो यांनी बाजारात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला. बोलणंही बरंचसं सावरलं, जरा तिरकं झालं इतकंच, आणि तिरकं ते आधीही बोलायचे. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटं हलतील, पण हलवली तर. त्यांनी दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला. यजमानांनी तो मांजराला दिला. मांजराची पकड आता उत्तम आहे.

आणि सतरा ऑगस्ट येत होता. स्वातंत्र्यदिनाला गल्लीगल्लीत शर्यती होतात, त्यात आमची मानाची शर्यत केरुपुकची. केरुपुक म्हणजे आमचा तळलेला पापड. ताटाएवढा कुरकुरीत केरुपुक दोरीला टांगायचा, हात पाठीमागे बांधायचे आणि हेलकावे खाणारा तो केरुपुक नुसत्या तोंडानं खाऊन संपवायचा. दार्मो यात अकरा वर्षं पहिले आले होते. बाकीचे माकडासारख्या उड्या मारायचे, आणि हे शांत उभे राहून मोजून चावे घ्यायचे. यंदा ते म्हणाले, "मी बाहेर येणार नाही. अर्ध्या तोंडानं केरुपुक खाताना गल्लीनं मला बघायला नको." फेब्रुवारीपासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे, आणि सोंग इतकं वाईट की पाहुण्यालाच लाज वाटायची.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की असा गेम करावा, ज्यात केरुपुक पडद्यावर झुलेल आणि एक बटण दाबलं की तोंड उघडेल. एकच बटण, उजव्या हाताच्या एका बोटानं. सतरा तारखेला गल्लीत दोरीशेजारी टेबल मांडायचं, त्यावर मुलगा बाताम बेटावर नोकरीला जाताना ठेवून गेलेला लॅपटॉप, आणि टेबलापाशी हे. मला नऊ आठवडे होते आणि दुसरं काही नको होतं. पण हे औषध आहे असा वास जरी आला असता, तरी लॅपटॉपही मांजराकडे गेला असता. आणि गल्लीला कळलं असतं तर लोकांनी कौतुकानं यांच्या हाताकडे पाहिलं असतं, ते तर चेंडूपेक्षा वाईट. म्हणून मी गप्प होते.

सभा एरवी महिन्यातून एकदा, पाक एर्तेंच्या घरी असते. यावेळी ते म्हणाले, घराला रंग चालू आहे, तुमच्या ओट्यावर बसलं तर चालेल का? मी हो म्हटलं. आमच्याकडे 'हो' चार प्रकारचं असतं. लगेच येतं ते खरं. जरा थांबून येतं ते नाही. हसून येतं ते अजिबात नाही. आणि 'हो' म्हणून माणूस चहात साखर बरी आहे ना असं विचारू लागला, तर तो विषय त्याच्या हयातीत पुन्हा काढू नये. मी थांबून म्हटलं होतं. पाक एर्तेंना ऐकू आलं नसावं.

तर रविवारी दहा वाजता ओट्यावर चटया पडल्या. तळलेली केळी आली, सोयाबीनचं तेम्पे आलं, शेंगदाण्याची गोड गेपुक आली. गटार, फवारणी आणि सतरा ऑगस्ट हे तिन्ही विषय दहा मिनिटांत उरकले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मग पाक एर्ते ताठ बसले. "विषय चार. या भाषेला वॉर्डाच्या कचेरीतून परवानगी लागते का?"

"नाही लागत, पाक," गालिह म्हणाला.

"मग तिच्यावर शिक्का कोण मारतं?"

"कुणी नाही."

पाक एर्ते चिंतेत पडले. शिक्क्याशिवाय चालणारी गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती.

गालिहनं सांगितलं, पायथन वाचायला सोपी, नवख्या माणसाला दोन दिवसांत काहीतरी हलताना दिसतं. लारास म्हणाली, अगदी खरं, फक्त ते हलणारं दुसऱ्याला दाखवायचं तर लॅपटॉप काखेत मारून फिरावं लागतं. पाक हेरूतोमोंनी संगणकाची स्मृती कशी वाटली जाते ते केळ्याच्या तुकड्यांनी चटईवर मांडून दाखवलं. पाक एर्ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी स्मृतीचे तीन तुकडे खाल्ले.

मला एक शंका होती. मी जिल्हा कचेरीत बत्तीस वर्षं टायपिस्ट होते, आणि माझं एकही पत्र 'सविनय' असल्याशिवाय सुरू झालेलं नाही. मी विचारलं, "संगणकाला काही करायला सांगताना 'कृपया' कुठे लिहायचं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कृपया नसतं, बू," लारास हळूच म्हणाली. "नुसता हुकूम."

"तिन्ही भाषांत?"

"तिन्ही."

निदान एका गोष्टीवर एकमत झालं म्हणून पाक एर्तेंनी ते लगेच वहीत नोंदवायला सांगितलं. ही वही लारास सांभाळते. बारा वाजता सगळे उठले आणि मी आत आले.

"दोन तास," दार्मो पडद्यामागून म्हणाले. "काय ठरलं, बुने?" मुलांची आई म्हणून ते मला बुने म्हणतात, मी त्यांना पाकने.

"पुढच्या रविवारी बसायचं ठरलं."

"एवढ्या वेळात मी तीन घड्याळं उघडून बंद केली असती." मग त्यांनी हाताकडे पाहिलं, आणि मी पेले विसळायला घेतले.

महिन्याची सभा आठवड्याची झाली. रंगाचं काम चालूच असल्यानं आमच्याच ओट्यावर. दुसऱ्या रविवारी पाक हेरूतोमो फळा घेऊन आले. आपला, घरचा, स्टँडसकट. मी मनातल्या मनात बोटं मोजत होते, आठ आठवडे, सात आठवडे. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. इतकी शहाणी माणसं, तासन्‌तास भांडतात, पण गेम कसला आहे आणि कुणासाठी, हे एकानंही विचारलं नाही. मला ते सोयीचंच होतं. शिकलेल्या माणसांचं असंच असतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

तिसऱ्या रविवारी पाक एर्तेंनी तोडगा काढला. कुणाचंही मन मोडू नये म्हणून गेमची सुरुवात पायथनमध्ये, मधला भाग जावास्क्रिप्टमध्ये आणि शेवट सी प्लस प्लसमध्ये. तिघांनीही हसून हो म्हटलं, म्हणजे अजिबात नाही. मीही हसून हो म्हटलं. पाक एर्ते वहीत लिहा म्हणणार, इतक्यात खिडकीचा पडदा बाजूला झाला.

"एकाच घड्याळात तीन कंपन्यांचे काटे बसवता काय?" दार्मो म्हणाले. "बारा कधी वाजले, ते तिघांना विचारत फिरायचं?"

फेब्रुवारीनंतर ते बाहेरच्या माणसाशी पहिल्यांदा बोलले होते. बोलणं तिरकं आलं, शेवटचे शब्द जरा घसरले. कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळे आपापल्या चहात बघत राहिले. पाक एर्ते खाकरले. "पाक दार्मोंची हरकत नोंदवा," ते लारासला म्हणाले. "तोडगा रद्द. पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे सतरा ऑगस्ट हातचा गेला. त्या दिवशी मी ठरवलं, मसलत गेली गटारात, झाकण आता आहेच. आपण गुपचूप सुरुवात करायची.

तिघांनीही मला नमुन्याचे कागद दिले होते. दुपारी यजमान झोपले की मी ते पसरून बसायची. लारासच्या आणि पाक हेरूतोमोंच्या कागदांवर महिरपी कंस आणि साधे कंस यांची नुसती रांग होती, आणि माझ्या चष्म्यातून ते सगळे मुंग्यांसारखे एकसारखे दिसायचे. पायथनमध्ये कंस कमी. शिवाय तिच्यात समास नीट सोडावा लागतो, ओळ आत सरकवायची तर मोजून चार जागा, समास चुकला की ती अडून बसते. बत्तीस वर्षांत माझा समास चुकला नव्हता. गालिहला वाटत होतं पायथन सोपी म्हणून घ्यावी. मी घेतली ती टाइपरायटरच्या ओळखीनं.

पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लारासला कळलं तर ती रोज गोड हसून बोलली असती, आणि ते सहन झालं नसतं. पाक हेरूतोमोंनी फळा घरी नेला असता. आणि गालिहच्या चेहऱ्यावर काही लपत नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नाही. मदत लागली तर मी आडून विचारायची. लारासला म्हटलं, मला एखाद्या गोल वस्तूचं चित्र काढून देशील का, कसलंही चालेल. तिनं केरुपुक काढून पाठवला. मी म्हटलं, काय योगायोग आहे.

चौथ्या रविवारी दार्मो दारात येऊन उभे राहिले, कारण म्हणे खिडकीतून पाक हेरूतोमोंचं चुकीचं बोलणं नीट ऐकू येत नाही. पाचव्या रविवारी ओट्यावर खुर्ची घेऊन बसले. त्यांना भाषांतलं काही कळत नव्हतं, पण हरकती घेता येत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं सगळं लक्ष माझ्या केरुपुककडे होतं, तो काही केल्या झुलत नव्हता.

एका दुपारी माझ्या मागून आवाज आला. "हे काय आहे?"

मी दचकले. यजमान काठी टेकून उभे होते.

"केरुपुक," मी म्हटलं.

त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. केरुपुक डावीकडून उजवीकडे सरळ जात होता, टोकाला पोचला की खटकन परत. "हा केरुपुक नाही," ते म्हणाले. "तुझ्या टाइपरायटरचा सरकता डबा आहे. दोरीला लावलेली वस्तू अशी चालते होय? टोकाला जाताना तिचा वेग मरतो. एक क्षण थबकते. मग परत फिरते. लंबक कधी पाहिला नाहीस? घरात सहा आहेत."

"थबकते कशी, ते लिहायचं कसं?"

"ते मला काय विचारतेस? पण अकरा वर्षं मी त्या थबकण्यावरच चावा घेतलाय. मधोमध चावायला जातो तो मूर्ख."

अकरा वर्षांत त्यांनी हे गुपित मलाही सांगितलं नव्हतं. मी तशीच पाक हेरूतोमोंकडे गेले आणि सहज विचारावं तसं विचारलं, की लंबकाचं टोकाला थबकणं गणितात कसं लिहितात. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी त्रिकोणमितीचं एक सूत्र हातातल्या तोफूच्या कागदावर लिहून दिलं, आणि कशाला हवंय असं न विचारता दार लावून घेतलं. पाक हेरूतोमोंनी काही समजावल्याशिवाय दार लावलं, हेही मला तेव्हा खटकायला हवं होतं.

केरुपुक झुलू लागला. दार्मोंनी खुर्ची ओढली, डाव्या हातानं बटण दाबलं आणि सलग बारा चावे घेतले. मी आवाजासाठी स्वतः केरुपुक खाऊन तो कुर्रुम आवाज टेप केला होता. बारा वेळा कुर्रुम वाजलं. ते हसले. हसणं एकाच बाजूनं आलं तरी हसणंच होतं. पण डावा हात होता. उजवा मांडीवर.

मी चार दिवस विचार केला. बोलले असते तर औषधाचा वास आला असता. मग पाचव्या दिवशी मी कपाटातून सुतळी काढली.

"पाकने, शर्यतीचा नियम काय आहे?"

"कुठल्या?"

"केरुपुकच्या. हात मागे बांधायचे ना?"

त्यांनी सुतळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. चाळीस वर्षं बारीक चाकं बघितलेला माणूस, त्याच्यापासून किती लपणार. "दोन्ही बांधतात," ते म्हणाले.

"मग?"

"एक आधीच बांधलेला आहे."

"मग दुसरा मी बांधते."

मला वाटलं आता सुतळी मांजराकडे जाणार. मग त्यांनी डावा हात स्वतःच पाठीमागे नेला. मी गाठ मारली, सैल, पण गाठ. उजवा हात उचलून बटणावर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले, कारण तिथे नळ सोडून रडता येतं. मला भयंकर भीती वाटत होती. मी त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं, दुसरं काय केलं होतं? बाहेर नुसती शांतता. मी नळ बंद केला. तरी शांतता. भात करपला. मी झाकण काढायला वाकले, आणि बाहेर कुर्रुम वाजलं.

एकदाच. मग बऱ्याच वेळानं आणखी एकदा.

"बुने," ते ओरडले, "हे तोंड फार सावकाश उघडतंय. दुरुस्त कर."

"तोंड बरोबर आहे," मी आतून म्हटलं. "बोट सावकाश आहे."

"मग बोटाला वेळ दे. थबकणं जरा लांबव."

मी लांबवलं. पुढे आठवड्याला थोडं थोडं कमी करत गेले, न सांगता. त्यांना ते कळत होतं, कारण ते रोज सकाळी विचारायचे, आज लंबकाला किती तेल घातलंस.

सतरा ऑगस्टला ते उंबरा ओलांडून गल्लीत आले, इस्त्री केलेल्या शर्टात, डावा हात पाठीशी बांधून. दोरीशेजारी टेबल आधीच मांडलेलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या घाईत मी तो विचारही केला नाही. पाक एर्तेंनी कर्ण्यावरून जाहीर केलं, की यंदा केरुपुकच्या शर्यतीला एक नवी शाखा आहे, एक हात बांधून, एका बोटानं. गल्लीतले अठरा जण खेळले. पाक हेरूतोमो चार चाव्यांत बाद झाले आणि म्हणाले, संगणकाची स्मृती नीट वाटली गेलेली नाही. दार्मोंनी तेवीस घेतले. गालिहनं चोवीस घेतले आणि त्याच्या आईनं त्याला सगळ्यांदेखत चिमटा काढला. दार्मो त्याला म्हणाले, "मधोमध चावतोस तू. नशीबवान आहेस. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. मी ते दोन शब्द दिवसभर घोळवत राहिले.

गेम कुठल्या भाषेत आहे हे कुणीच विचारलं नाही. मी साखर बरी आहे ना असं विचारायची तयारी ठेवली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा. लारास चुलत बहिणीच्या लग्नाला सेमारांगला गेली होती, म्हणून वही माझ्याकडे आली. तुम्ही टायपिस्ट, तुम्हीच लिहा, असं म्हणून. सगळे जमेपर्यंत मी मागची पानं चाळली. लारासचं अक्षर चांगलं आहे.

पहिली सभा. स्थळ : बू विगातींचा ओटा (पाक एर्तेंच्या घराला रंग चालू आहे असं सांगणे). हजेरीच्या यादीत सगळ्यांच्या सह्या. शेवटी यजमानांचं नाव, सहीची जागा कोरी, आणि तिथे पेन्सिलीनं बारीक अक्षरांत : पडद्यामागे.

दुसरी सभा : पडद्यामागे, दोनदा खोकले.

तिसरी : खिडकीत. बोलले.

चौथी : दारात, उभे.

पाचवी : ओट्यावर, खुर्चीत. तीन हरकती, एक केळं.

आणि चौथ्या विषयापुढे प्रत्येक पानावर पाक एर्तेंच्या गिचमिड अक्षरात तीनच शब्द : घाई करू नये.

मी वर पाहिलं. पाक एर्तेंचं घर गल्लीच्या टोकाला दिसतं. भिंत होती तशीच होती, शेवाळलेली, तिला ब्रश लागलेला नव्हता. नऊ आठवडे मी या माणसांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. लपवाछपवी काय ती मी एकटीच करते आहे, अशी माझी समजूत होती. माझे डोळे भरून आले आणि मी वही तोंडासमोर धरली. गालिहनं न बघता चहाचा पेला माझ्याकडे सरकवला.

"विषय चार," पाक एर्ते म्हणाले. "गेम तर झाला. तेव्हा हा विषय मिटला असं लिहायचं का?"

गालिह पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. पाक हेरूतोमो बोलायला तोंड उघडत होते, पण त्याआधी खुर्चीतून एक हात वर आला. उजवा. खांद्याच्या वर गेला नाही आणि थरथरत होता, पण वर होता.

"हरकत आहे," दार्मो म्हणाले.

"काय हरकत आहे, पाक?"

"भाषा कुठली, ते अजून कुठे ठरलंय?"

"खरं आहे," पाक हेरूतोमो लगेच म्हणाले. "पायाच घातलेला नाही." आणि त्यांनी फळा उघडला.

मी हजेरीची वही यजमानांच्या मांडीवर ठेवली आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं. सही करायला त्यांना सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळी गल्ली गटाराचं झाकण निरखत होती, जणू ते काल बसवलंय. सही कुणालाही वाचता येण्यासारखी नव्हती. पूर्वीही नसायची.

मग मी वही परत घेतली, समास सोडला आणि चौथ्या विषयापुढे लिहिलं : निर्णय झाला नाही. पुढची सभा रविवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या ओट्यावर. पाक एर्तेंकडे रंग चालू आहे.